कबड्डीतील प्रदर्शन व मैदानी नेतृत्व

कबड्डीतील प्रदर्शन व मैदानी नेतृत्व : कबड्डी या सांघिक मैदानी खेळात प्रमुख खेळाडूने आपले कौशल्य, धैर्य वा वर्चस्व प्रेक्षकांच्या आणि प्रतिपक्षाच्या नजरेत भरेल अशा रीतीने व्यक्त करणे, यास प्रदर्शन म्हणता येईल, तर खेळ चालू असता संघातील इतर खेळाडूंच्या हालचालींना दिशा देणे, कोणी केव्हा चढाई करावी व केव्हा थांबावे याचा निर्णय घेणे आणि आपत्तीच्या क्षणी संघाचा तोल सांभाळणे, यास मैदानी नेतृत्व म्हणतात. हे दोन्ही गुण बहुधा एकाच नामांकित खेळाडूकडून अपेक्षिले जातात. ते परस्परांना पूरक ठरतात तसेच मारकही ठरतात. कबड्डीच्या नियमांचा सु. शंभर वर्षांचा इतिहास पाहिल्यास त्यातील अनेक सुधारणा या दोन गुणांतील तोल राखण्यासाठी उपयोगी पडल्याचे दिसून येते.

खेळाची रचना : पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मी. लांब व १० मी. रुंद असते. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात उतरतात. दोन्ही संघ आळीपाळीने एकेक खेळाडू चढाईस पाठवितात. चढाई करणारा खेळाडू ‘कबड्डी’ या शब्दाचा अखंड उच्चार करीत, म्हणजेच दम घेत, प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. तेथे तो एकटा असतो व त्याच्यासमोर सात बचावपटू असतात. त्याने स्पर्श करून सुरक्षित परतल्यास स्पर्श झालेले खेळाडू बाद होतात आणि तेवढे गुण त्याच्या संघास मिळतात. तो पकडला गेल्यास स्वतः बाद होतो व गुण प्रतिपक्षास जातो. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर बसतो. त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा एखादा खेळाडू बाद केला, की बाहेर बसलेल्यांपैकी एकजण क्रमाने आत येतो. संपूर्ण संघ बाद झाल्यास प्रतिपक्षास ‘लोणा’चे दोन जादा गुण मिळतात.

या रचनेत या विषयाचे मूळ आहे. चढाई हा पूर्णतः एकट्याचा पराक्रम असतो. त्या वेळी सर्व प्रेक्षकांची दृष्टी एकाच खेळाडूवर खिळलेली असते, आणि त्यास साहाय्य करण्याची मुभा त्याच्या सहकाऱ्यांना नसते. परंतु त्या पराक्रमाचे फळ मात्र सामुदायिक असते. चढाईपटूने मिळविलेल्या प्रत्येक स्पर्शगुणाबरोबर बाहेर बसलेला एक सहकारी खेळात परत येतो, आणि त्याच्या प्रत्येक चुकीबरोबर संघातील एक जागा रिकामी होते. बोनस गुणाची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. समोर सहा वा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडून परतल्यास चढाईपटूस एक गुण मिळतो. तथापि त्या गुणाने बाहेरचा खेळाडू आत येत नाही. म्हणून स्वतःच्या नावावर गुण जमा करणारी चढाई आणि संघ पुन्हा उभा करणारी चढाई यांत भेद करावा लागतो. हा भेद ओळखणारा खेळाडूच मैदानावर खरा नायक ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नियमबद्ध होण्यापूर्वी हा खेळ भारताच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या नावांनी खेळला जाई. महाराष्ट्रात तो ‘हुतुतू’ या नावाने प्रसिद्ध होता. त्याचे तीन प्रमुख प्रकार प्रचलित होते. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर जात नसे, केवळ गुण मोजले जात. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला खेळाडू त्याचा संपूर्ण संघ बाद होईपर्यंत परत येऊ शकत नसे. ‘संजीवनी’ प्रकारात मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद होताच आपला एक गडी जिवंत होई. या तिन्ही प्रकारांत नामांकित खेळाडूचे स्थान वेगवेगळे होते. अमर प्रकारात त्याच्या चुकीची झळ इतरांना फारशी बसत नसे. गामिनीत अखेरपर्यंत तग धरणारा एकटा वीर सर्वांच्या कौतुकाचा विषय होई, पण त्याला आपले साथीदार परत मिळविता येत नसत. संजीवनी प्रकाराने वीराच्या पराक्रमास साथीदारांच्या पुनरागमनाशी जोडले. पुढे प्रमाणित झालेल्या कबड्डीने हेच तत्त्व स्वीकारले.

खेळाला लेखी नियम देण्याचे प्रारंभीचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रात व बडोदे येथे झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरविली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघाची स्थापना झाली व १९५२ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या. महाराष्ट्रात या खेळाच्या संघटनकार्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा मोठा आहे. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिन राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा पदकांच्या खेळांत समावेश झाला, तर महिलांच्या कबड्डीस हे स्थान २०१० मध्ये ग्वांगजो येथे मिळाले.

कोकण व मुंबई : हुतुतूची परंपरा कोकणात विशेष रुजली, यास तेथील भूरचना व लोकजीवन काही अंशी कारणीभूत आहे. रत्नदुर्गाजवळील मिरकरवाडा हे रत्नागिरी शहराचे मासेमारी बंदर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस चढ आणि मधल्या जागेत घरे, होड्या व जाळी, अशा दाट वस्तीच्या किनारी वाड्यांत मोठ्या क्रीडांगणास वाव नसतो. साधनांचा खर्चही परवडणारा नसतो. फक्त एक सपाट अंगण व आखणीपुरता चुना एवढ्यावर उभा राहणारा खेळ अशा ठिकाणी सोयीचा ठरतो. प्रेक्षक रेषेला लागून बसत असल्याने खेळाडूचा श्वास, त्याच्या पायांची चाहूल आणि त्याचा आविर्भाव या सर्व गोष्टी त्यांना जवळून अनुभवता येतात. रंगमंच व प्रेक्षक यांत अंतर नसलेल्या या मांडणीतच चढाईपटूच्या नाट्यमय वर्तनाचा उगम शोधता येतो.

किनाऱ्यावरील व्यवसायाने नेतृत्वाचीही एक कल्पना रूढ केलेली आहे. मासेमारी नौकेवर तांडेल हा प्रमुख असतो. खलाशांना जाळे केव्हा टाकावयाचे व केव्हा ओढावयाचे हे तो सांगतो. त्याची योग्यता आवाजाच्या चढेपणावरून ठरत नाही. वाऱ्यापाण्याचे त्याचे ज्ञान किती आहे आणि संकटात नौका सुखरूप बंदरात आणण्याचा त्याचा लौकिक कसा आहे, यांवरून ती ठरते. कबड्डीच्या अंगणात कोपऱ्यावर उभा राहून साखळीतील साथीदारांना हाताच्या दाबाने इशारा देणारा जुना बचावपटू हा याच जातीचा नेता होय.

कोकणातून मुंबईच्या कापडगिरण्यांत आलेल्या कामगारांनी हा खेळ लालबाग, परळ, वरळी या गिरणगावच्या भागांत नेला. चाळींच्या आवारांत व गल्लीबोळांत मंडळे उभी राहिली. पुढे रेल्वे, पोलीस, बँका, बंदर व तेल कंपन्या यांनी आपापले संघ बांधले व गुणी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांतील रोजगाराचा आधार तुटला, तेव्हा अशा नोकरीचे मोल अधिकच वाढले. या परिस्थितीत खेळाडूच्या प्रदर्शनास आर्थिक अर्थ प्राप्त झाला. सामन्यास आलेल्या निवडकर्त्याच्या डोळ्यांत भरणारी एखादी चढाई कुटुंबाचे भवितव्य बदलू शकत असे. साहजिकच सुरक्षित पण निस्तेज खेळापेक्षा धाडसी व लक्षवेधी खेळाकडे तरुणांचा ओढा राहिला. प्रदर्शनास केवळ आत्मप्रौढी समजणे त्यामुळे अपुरे ठरते. ज्याच्याकडे दाखविण्यासारखे दुसरे काही नाही, त्याचे ते भांडवलही असते.

प्रदर्शनाचे प्रकार : कबड्डीतील प्रदर्शनाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार अभिवादनात्मक होय. चढाईस निघताना मैदानास वंदन करणे, मांडी थोपटणे वा शड्डू ठोकणे या कृती कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या असून त्यांत आव्हान व आत्मप्रेरणा दोन्ही असतात. दुसरा प्रकार डावपेचात्मक होय. खोटा झोका देणे, मुद्दाम बेसावध असल्याचा भास निर्माण करणे, बचावपटूकडे पाठ फिरवून मागे लाथ झाडणे, बोनस रेषेवर पाय नाचवून कोपरारक्षकास पुढे ओढणे, साखळीवरून झेप घेणे किंवा तिच्याखालून डुबकी मारून निसटणे हे प्रकार प्रेक्षकांस मनोहारी वाटतात. त्याच वेळी ते प्रतिस्पर्ध्याची मानसिक घडी विस्कटतात. उतावीळ बचावपटूने वेळेआधी पकड टाकावी, हाच त्यामागील हेतू असतो. तिसरा प्रकार निव्वळ मिरविण्याचा असतो. गुण मिळाल्यावर प्रतिपक्षास हिणविणे, मध्यरेषा गाठण्याआधीच हात उंचावणे, किंवा संघास गुणाची निकड असता केवळ वेळ दवडीत टाळ्या घेणे, ही त्याची उदाहरणे होत. पहिल्या दोन प्रकारांनी संघाचे बळ वाढते. तिसऱ्या प्रकारात मात्र खेळाडूचे लक्ष खेळावरून प्रेक्षकांकडे वळलेले असते, आणि निसटता पाय पकडला जातो तो बहुधा अशाच वेळी.

नियमांतील मर्यादा : पूर्वी चढाईचा काळ खेळाडूच्या दमावर अवलंबून असे. दीर्घ दम हीच एक प्रदर्शनीय गोष्ट होती. पुढे प्रत्येक चढाईस ३० सेकंदांची मर्यादा घालण्यात आली. प्रतिपक्षाच्या अंगणात नाममात्र शिरून परत येणाऱ्यांसाठी निदान रेषा असते. ती मध्यरेषेपासून ३·७५ मी. अंतरावर असून गुण न मिळविता परतणाऱ्या चढाईपटूने ती ओलांडणे आवश्यक असते. त्यापलीकडे १ मी. अंतरावर बोनस रेषा असते. लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद होतो, असा नियम अलीकडील काळात आला. आघाडी मिळाल्यावर खेळ थंड करून वेळ काढण्याच्या वृत्तीस त्याने आळा बसला. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असता त्यांनी पकड केल्यास एक जादा गुण देण्याची तरतूदही झाली. तीमुळे दुबळ्या झालेल्या संघासही वर येण्याची संधी मिळाली आणि बलाढ्य चढाईपटूस सोपी शिकार उरली नाही. गैरवर्तनाबद्दल हिरवे, पिवळे व लाल पत्रक दाखविण्याची पद्धत असून पिवळ्या पत्रकाने खेळाडूस दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. तेवढा वेळ संघ एका खेळाडूने उणा होत असल्याने एकाच्या उद्दामपणाची किंमत सर्वांना मोजावी लागते. या सर्व नियमांचा एकत्रित परिणाम असा, की चढाईपटूच्या कलेस मोकळीक राहिली. तथापि ती कला गुणांच्या व संघाच्या हिशेबात बसविणे त्याला भाग पडले.

बास्केटबॉलशी तुलना : व्यक्तिगत चमक व सांघिक नेतृत्व यांतील हा ताण जगातील इतर खेळांतही आढळतो. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बास्केटबॉलचे होय. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केलेल्या या खेळात चेंडू हाताळण्याच्या करामतींना लवकरच स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. १९२६ च्या सुमारास शिकागो येथे स्थापन झालेला ‘हार्लेम ग्लोबट्रॉटर्स’ हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ विनोद व कसरती यांसाठी गाजला. व्यावसायिक संघांची दारे त्या काळी या खेळाडूंना बंद होती. लोकांचे मनोरंजन हाच त्यांना उपजीविकेचा मार्ग उरला होता. १९४८ मध्ये याच संघाने तेव्हाच्या बलाढ्य मिनीॲपोलिस लेकर्स संघास ६१–५९ असे हरविले आणि करामतीमागे अस्सल खेळ असल्याचे सिद्ध केले. मार्क्वेस हेन्स यांच्यासारखा खेळाडू चेंडू जमिनीलगत खेळवीत प्रतिस्पर्ध्यांना चकवी. ही करामत वेळ काढण्याचा डावपेचही होती. पुढे १९५४ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांत चेंडू टोपलीकडे फेकण्याचे बंधन आले. कबड्डीतील ३० सेकंदांच्या मर्यादेचे हे समांतर उदाहरण होय.

नेतृत्वाच्या बाबतीत बिल रसेल यांचे उदाहरण आदर्श मानले जाते. १९५६ ते १९६९ या काळातील १३ हंगामांत त्यांच्या बॉस्टन संघाने ११ अजिंक्यपदे मिळविली. त्यांतील अखेरच्या तीन हंगामांत ते खेळाडू व प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळीत होते. प्रतिस्पर्ध्याचा फटका अडविताना चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळविण्याऐवजी तो आपल्याच साथीदाराच्या हाती पडेल असा वळविण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. याउलट, पीट मॅराविच हे विद्यापीठीय स्पर्धांत सामन्यामागे सरासरी ४४·२ गुण मिळविणारे अद्वितीय कलावंत होते. परंतु व्यावसायिक अजिंक्यपद त्यांच्या वाट्यास आले नाही. अर्विन ‘मॅजिक’ जॉन्सन यांनी मात्र न पाहता चेंडू देण्याच्या नेत्रदीपक शैलीस नेतृत्वाचे साधन बनविले. १९८० च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात संघाचा मध्यखेळाडू दुखापतग्रस्त असता वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी त्याची जागा घेतली व ४२ गुण मिळवून संघास अजिंक्यपद मिळवून दिले. महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाडा भागाने बास्केटबॉलची मोठी परंपरा निर्माण केली. तेथील गुलाम अब्बास मुंतसिर हे चेंडू हाताळण्याच्या आकर्षक शैलीमुळे लोकप्रिय झाले व भारतीय संघाचे कर्णधारही झाले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

मात्र दोन्ही खेळांत एक महत्त्वाचा फरक आहे. बास्केटबॉलमध्ये चमकदार खेळाडू चेंडू साथीदारास देऊन आपले औदार्य त्याच क्षणी प्रकट करू शकतो. कबड्डीत चढाई चालू असता देण्यासारखे काही नसते. तेथील औदार्य चढाईपूर्वीच्या निर्णयात असते: स्वतः न जाता दुसऱ्यास पाठविण्यात.

व्यावसायिक कालखंड : २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला. मातीवरील खेळ प्रकाशझोतातील मॅटवर गेला व दूरचित्रवाणीमुळे चढाईपटूंची नावे घरोघरी पोहोचली. व्यक्तिगत गुणांची मोजदाद, सर्वोत्तम चढाईपटूचे मानचिन्ह आणि लिलावातील किंमत यांमुळे प्रदर्शनास पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले. राहुल चौधरी, अजय ठाकूर, महाराष्ट्राचे रिशांक देवाडिगा व काशिलिंग आडके हे खेळाडू शैलीदार चढायांमुळे प्रेक्षकप्रिय झाले.

पहिल्या काही हंगामांत मुंबईच्या यू मुंबा संघाचे कर्णधारपद हरयाणाच्या अनुप कुमार यांच्याकडे होते. या संघाने २०१४ मध्ये उपविजेतेपद, २०१५ मध्ये बंगळूर संघास ३६–३० असे हरवून अजिंक्यपद आणि २०१६ च्या आरंभीच्या हंगामात पुन्हा उपविजेतेपद मिळविले. अनुप कुमार हे बोनस गुणाचे जाणकार होते. पण त्यांची ख्याती मुख्यतः शांत चित्ताबद्दल होती. भारतीय संघाचे कर्णधार म्हणून २०१६ च्या विश्वचषकात त्यांची कसोटी लागली. अहमदाबाद येथील सलामीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास ३४–३२ असे हरविले. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध भारत मध्यंतरास १३–१८ असा मागे होता. उत्तरार्धात अजय ठाकूर यांच्या चढायांनी सामन्याचे पारडे फिरले. त्यांनी एकूण १२ गुण मिळविले व भारताने ३८–२९ असा विजय संपादन केला. कर्णधार स्वतः नामवंत चढाईपटू असूनही विजयाचा प्रमुख शिल्पकार दुसरा ठरला. कबड्डीतील नेतृत्वाचे मर्म या घटनेतून स्पष्ट होते.

व्यक्तिगत पराक्रमाचे शिखर परदीप नरवाल यांनी गाठले. ‘डुबकी’ या चढाईतंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या या खेळाडूने २०१७ च्या हंगामात ३६९ चढाईगुण मिळविले. त्यांपैकी ३४ गुण हरयाणा संघाविरुद्धच्या एकाच सामन्यातील होते. त्यांच्या पाटणा संघाने लागोपाठ तीन अजिंक्यपदे जिंकली. पवन सेहरावत यांनी २०१९ च्या आरंभी झालेल्या सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात २२ गुण मिळवून बंगळूर संघास विजयी केले, तेव्हा संघाचे नेतृत्व रोहित कुमार यांच्याकडे होते. त्याच वर्षी सातव्या हंगामात पवन यांनी हरयाणाविरुद्ध एका सामन्यात ३९ गुण मिळविण्याचा विक्रम केला. पण त्या हंगामाचे अजिंक्यपद बंगळूरला मिळाले नाही. ते बंगालच्या संघाने पटकावले. एका सामन्यातील विक्रम व संपूर्ण हंगामातील यश यांचा संबंध सरळ नसतो, हे यावरून लक्षात येते.

या दृष्टीने दहाव्या हंगामातील पुणेरी पलटणची कामगिरी अभ्यसनीय आहे. मार्च २०२४ मधील अंतिम सामन्यात या संघाने हरयाणास २८–२५ असे हरवून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. त्या हंगामात सर्वाधिक चढाईगुण मिळविणारा खेळाडू पुण्याचा नव्हता. अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार यांच्या नेतृत्वाखालील या संघात चढायांचा भार मोहित गोयत, पंकज मोहिते आदी अनेकांत वाटलेला होता. संघातील सर्वांत नाट्यमय व्यक्तिमत्त्व एका बचावपटूचे, इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई यांचे होते. गुण मिळताच उघडपणे जल्लोष करणाऱ्या या खेळाडूने हंगामात पकडींचे सर्वाधिक ९९ गुण मिळविले. मौल्यवान खेळाडूचा मान मात्र इनामदारांना मिळाला. प्रदर्शन व नेतृत्व ही कामे दोन वेगळ्या व्यक्तींत विभागली गेली, तरी संघ सुदृढ राहू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील कसोटी : १९९० पासून २०१४ पर्यंतच्या सर्व आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय पुरुषसंघाने सुवर्णपदक मिळविले होते. २०१८ मध्ये जाकार्ता येथे ही परंपरा खंडित झाली. साखळीत दक्षिण कोरियाकडून २३–२४ असा आणि उपांत्य सामन्यात इराणकडून १८–२७ असा पराभव झाल्याने भारतास कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. भारताकडे नामवंत चढाईपटूंची उणीव नव्हती. इराणच्या संघात मात्र फझल अत्राचली यांसारखे बचावपटू होते. अत्राचली हे २०१५ च्या विजेत्या यू मुंबा संघात अनुप कुमार यांच्या हाताखाली खेळले होते आणि भारतीय चढाईपटूंच्या लकबी त्यांना जवळून ज्ञात होत्या. दररोज दूरचित्रवाणीवर दिसणारी करामत प्रतिस्पर्ध्याच्या अभ्यासाचाही विषय होते, हा या पराभवाचा एक धडा होय.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगजो येथे झालेला अंतिम सामना तर मैदानी नेतृत्वाची विलक्षण परीक्षा ठरला. भारत व इराण २८–२८ असे बरोबरीत असता व खेळ संपण्यास दीड मिनिटाहूनही कमी अवधी उरला असता भारताचे कर्णधार पवन सेहरावत निर्णायक चढाईस गेले. कोणासही स्पर्श न होता ते राखीव पट्टीत गेले व त्यांच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा वेळी पट्टीत गेलेले सर्वजण बाद होतात, तर लीगमधील सुधारित नियमानुसार केवळ चढाईपटू बाद ठरतो. कोणता नियम लावावा याविषयी वाद निर्माण होऊन सामना सु. एक तास थांबला. दोन्ही संघांनी आळीपाळीने आक्षेप घेतले व खेळाडू मैदानात बसून राहिले. अखेर भारतास चार व इराणला एक गुण देण्यात आला आणि भारताने ३३–२९ असा विजय मिळविला. अस्लम इनामदार व आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे खेळाडू या संघात होते. त्या तासाभरात कोणाच्याही चढाईकौशल्याचा उपयोग नव्हता. नियमांचे ज्ञान, पंचांशी संयमाने बोलणे आणि साथीदारांना शांत ठेवणे हेच कर्णधाराचे काम उरले होते.

महिला कबड्डी : महिलांच्या कबड्डीत महाराष्ट्राचे स्थान प्रारंभापासून मोठे आहे. शकुंतला खटावकर यांना १९७८ चा व अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार लाभला. लीगमधील प्रसिद्धी व पैसा यांचा लाभ पुरुषांच्या तुलनेने महिलांना फारच अल्प मिळाला. त्यामुळे त्यांच्या खेळातील प्रदर्शन अजूनही मुख्यतः संस्थात्मक नोकरी व निवड यांच्याशी निगडित आहे. २०१८ च्या आशियाई अंतिम सामन्यात इराणच्या महिलांनी भारतास २७–२४ असे हरविले. त्या विजयी संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. मायदेशातील अनुभव परक्या भूमीवर नेऊन त्यांनी एक नवा संघ घडविला. मैदानाबाहेरून केलेल्या या नेतृत्वाचा प्रत्यय भारतास पराभवाच्या रूपाने आला. २०२३ मध्ये हांगजो येथे भारतीय महिलांनी चिनी तैपेईवर २६–२५ असा एका गुणाने विजय मिळवून सुवर्णपदक परत मिळविले. महाराष्ट्राच्या स्नेहल शिंदे व सोनाली शिंगटे या संघात होत्या.

मूल्यमापन : कबड्डीत प्रदर्शन त्याज्य मानणे इतिहासाला धरून होणार नाही. शड्डू, झेप, डुबकी व फसवा झोका यांवाचून हा खेळ प्रेक्षकांच्या मनात घर करू शकला नसता, व वाड्यावस्तीतील मुलांना मैदानात उतरण्याची ओढही लागली नसती. परंतु संजीवनीच्या तत्त्वावर उभ्या असलेल्या या खेळाने पराक्रमाचे मोजमाप निराळे ठरविले आहे. चढाईपटू परततो तेव्हा टाळ्या किती पडल्या यापेक्षा बाहेर बसलेले किती साथीदार उठून आत आले, हे संघाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. मिरकरवाड्याच्या बंदरात परतलेल्या नौकेकडे किनाऱ्यावरील माणसे पाहतात, ती प्रथम त्यातील माणसे मोजतात, मासळी नंतर. कबड्डीतील थोर कर्णधारांनी आपला खेळ याच हिशेबाने खेळलेला दिसतो.